शेजाऱ्यांची भांडणं वस्तीतच मिटवता येतील का? सलोखा गट सुरू करायचा आहे, अनुभव हवेत

नीराकाठ

नमस्कार मंडळी,

पुण्याच्या पश्चिम उपनगरात आमच्या रस्त्याला एकाला एक लागून सोसायट्या आहेत. काही जुन्या, तीन मजली, बिनलिफ्टच्या. काही नव्या, उंच. भांडणं सगळीकडे तीच: वरून गळणारं पाणी, पार्किंग, कुत्र्यांना खाऊ घालणं, जिन्यातले चपलांचे स्टँड, दुपारी खेळणारी मुलं, रात्रीचा ड्रिल.

ही भांडणं मिटायच्या जागा फार कमी उरल्यात असं मला वाटतं. आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो पडतो. मग कमिटीला पत्र, मग वकिलाची नोटीस, मग चौकीत जाऊन एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद. एनसी झाली की पुढे काहीच होत नाही, फक्त दोन घरं कायमची तुटतात. कमिटी मध्ये पडत नाही, कारण कमिटीतलेच कुणीतरी त्या भांडणात असतात.

म्हणून आम्ही काही जण एक गट काढायचा विचार करतोय. निवृत्त शिक्षिका, एक डॉक्टर, बँकेतले एक काका, दोन तरुण मुली. पैसे घ्यायचे नाहीत, निकाल द्यायचा नाही. दोघांना समोरासमोर बसवायचं, ऐकायचं आणि त्यांचं ठरलं तर ते लिहून द्यायचं. तुमच्याकडे कुणी असं केलंय का? मध्यस्थ त्याच सोसायटीतला असावा की बाहेरचा? आणि कुठली भांडणं हातातच घेऊ नयेत?

चिंचवडचा_चिन्या

पार्किंगचं एक जरी मिटवलंत तरी गेटवर तुमचा सत्कार करू. शाल-श्रीफळ माझ्याकडून.

माजी_सेक्रेटरी

चांगला विषय. सोसायटीत बरीच वर्षं सेक्रेटरी होतो, गळतीबद्दल सविस्तर लिहितो, कारण निम्मी भांडणं तिथूनच निघतात.

गळतीत माणूस पैशापेक्षा 'माझ्या घरातून गळत नाही' ह्या वाक्यावर जास्त अडतो. वरच्याचा प्लंबर सांगतो की बाहेरचा पाइप फुटलाय. खालच्याचा सांगतो की वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं तोंड) गेलाय. दोघंही आपापल्या गिऱ्हाइकाला हवं ते बोलतात. अशा वेळी 'अहो, समजून घ्या' म्हणून काही होत नाही.

आम्ही क्रम बदलला. खर्च कुणाचा हा विषय बाजूला ठेवला. आधी फक्त एवढंच ठरवून घेतलं की कारण कोण शोधणार. दोघांच्याही ओळखीचा नसलेला प्लंबर, त्याची फी निम्मी निम्मी आणि त्याला जे सापडेल ते दोघांना मान्य. हे चाचणीच्या आधी लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. मग वरच्या बाथरूमचा ट्रॅप बुजवून पाणी साठवलं, त्यात रंग टाकला आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी खालच्या छताला रंगीत ओल दिसली की बोलायला काही उरत नाही. नाही दिसली तर वरचा माणूस सुटतो आणि बाहेरच्या पाइपकडे बघायचं.

खर्चाचं उत्तर आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या सरकारी नमुना नियमावलीत, आहेच. घरातल्या संडास, सिंक वगैरेंमुळे गळत असेल तर दुरुस्ती त्या सभासदाची. पावसाचं पाणी आणि बाहेरची सामाईक पाइपलाइन सोसायटीची. कारण सापडलं की बाकीचं वाचून दाखवण्याएवढंच काम राहतं.

मध्यस्थ कुठला? इमारतीतला नको, पण रस्त्यावरचा चालेल. माझं मत पक्कं आहे.

तासगावकर

आमच्याकडं ह्याला सरकारी नाव होतं. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. आबा तेव्हा गृहमंत्री. आबा आमच्याच तालुक्यातले, अंजनीचे, त्यामुळं आमच्या भागात उत्साह जास्त. ग्रामसभेत समिती निवडायची, गावातले तंटे नोंदवायचे, मिटवायचे, आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येप्रमाणं बक्षीस.

खरं सांगतो, पहिली काही वर्षं काम झालं. आमच्या शेजारच्या वस्तीवर दोन चुलतभावांचा बांध कोरण्यावरनं आणि सामाईक विहिरीच्या पाळीवरनं वाद होता. समितीनं निकाल दिला नाही. दोघांच्या खर्चानं सरकारी मोजणी आणली, दगड रोवले, आणि पाळीचं वेळापत्रक मोटरीच्या खोलीवर रंगवून घेतलं. वीज रात्रीची आली तर कुणाची पाळी, वीज गेली तर पाळी पुढं सरकणार का बुडणार, इतकं बारीक ठरवलं. वाद ह्या बारक्या गोष्टीवरच पेटतो.

पुढं अध्यक्षपद म्हणजे मान झाला. अध्यक्षानं पंचायतीला पॅनल उभं केलं आणि दुसऱ्या पॅनलची माणसं समितीकडं यायची बंद झाली. नीराकाठ ताई, तुमच्या गटातलं कुणी सोसायटीच्या निवडणुकीत उभं राहणार असेल तर त्याला आधी गटातून मोकळं करा.

कोर्टपायरी

वकील आहे, दिवाणी बाजूची. कायद्याचं थोडं स्पष्ट करते, कारण लोकांचा गोंधळ होतो.

तुम्ही जे करू म्हणता त्याला कुणाची परवानगी लागत नाही. दोन शेजारी तिसऱ्यासमोर बसून काही ठरवतात, लिहितात, तो त्यांच्यातला करार. मोडला तर मात्र थेट अंमलबजावणी होत नाही, कोर्टात जावं लागतं.

ज्याला पक्कं हवंय त्याच्यासाठी लोकअदालत. ती १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली चालते. दावा दाखल व्हायच्या आधीसुद्धा वाद लोकअदालतीत नेता येतो. तिथे तडजोड झाली की तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा धरला जातो आणि त्यावर अपील नाही. चालू दावा तिथे मिटला तर कोर्ट फीही परत मिळते. म्हणजे गळतीचं तुमच्या बैठकीत ठरवा आणि रक्कम मोठी असेल तर तेच लोकअदालतीत नेऊन पक्कं करून घ्या.

२०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं स्वतंत्र प्रकरण आहे. एखाद्या भागातल्या रहिवाशांची शांतता बिघडवू शकेल असा वाद, दोन्ही बाजूंची आधी संमती, विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज आणि तीन मध्यस्थांचं मंडळ, अशी ती रचना. त्यातला समझोता शांतता राखण्यासाठी आहे, हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येत नाही, असं कायद्यातच म्हटलंय. ह्या कायद्याची सगळी कलमं एकदम लागू केलेली नाहीत, तेव्हा अर्ज करायच्या आधी जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात जाऊन विचारा. तिथे विचारायला पैसे पडत नाहीत.

सोसायटीचा कारभार, निवडणूक, सभेचे ठराव असे वाद सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. ते तुम्ही घेऊ नका.

चिंचवडचा_चिन्या

म्हणजे पार्किंग राहिलंच! सभेनं जागा वाटली तर ते कलम ९१ का?

कोर्टपायरी

वाटपच बेकायदा आहे म्हणायचं असेल तर हो. शेजारी रेषेवर गाडी लावतो एवढंच असेल तर नीराकाठ ताईंकडे जा, शाल घेऊन.

जुराँगकर

सिंगापूरहून. इथे ह्या कामाची सरकारी सोयच आहे. सामुदायिक मध्यस्थी केंद्र १९९८ मध्ये सुरू झालं, कायदा मंत्रालयाखाली. मध्यस्थ स्वयंसेवक असतात, प्रशिक्षण घेतलेले. बहुतेक लोक सरकारी बहुमजली इमारतींत राहतात आणि एकेका मजल्यावर चिनी, मलय, तमिळ अशी सरमिसळ असते. त्यामुळे वरच्या घरात खुर्ची ओढल्याचा आवाज, दाराबाहेर जाळलेली धूप, कॉरिडॉरमधल्या कुंड्या ह्यांवरून वाद नेहमीचे. २०१५ मध्ये शेजाऱ्यांच्या वादांसाठी वेगळं न्यायाधिकरणही आलं.

एक प्रसंग मुद्दाम सांगतो, कारण त्यात धोका दिसतो. चीनमधून आलेल्या एका कुटुंबाला शेजारच्या भारतीय कुटुंबाच्या करीचा वास सहन होत नव्हता. मध्यस्थी झाली. ठरलं असं की भारतीय कुटुंबानं शेजारी घरी नसतील तेव्हाच करी करावी आणि शेजाऱ्यांनी एकदा करी चाखून बघावी. दोन्ही घरं तयार झाली, कागदोपत्री प्रकरण मिटलं. २०११ मध्ये ते वर्तमानपत्रात आलं आणि लोक खवळले. आपल्याच घरात रोजचं जेवण करायला शेजाऱ्याचं वेळापत्रक का बघायचं? २१ ऑगस्ट २०११ च्या रविवारी लोकांनी ठरवून घरोघरी करी शिजवली, चिनी आणि मलय घरांनीसुद्धा.

दोघांना मान्य झालेली तडजोडसुद्धा अन्यायाची असू शकते. कोण मागे सरकलं हे बघायला हवं.

मालवणी_खाजा

जुराँगकर, पोस्ट वाचून पोटात तुटलं. हे सिंगापुरातच होतं असं नाही. मुंबईच्या उपनगरात भाड्यानं घर बघताना 'मासे करता का' हा पहिला प्रश्न ऐकलाय. बांगडा तळला म्हणून सोसायटीच्या सभेत विषय निघालेला बघितलाय.

नीराकाठ, तुमच्या गटानं हे आधीच ठरवा: कुणी घरात काय शिजवतो, कुठल्या देवाला भजतो, घरात कोण येतं-जातं, हे विषय टेबलावर येणार नाहीत. एक्झॉस्ट फॅन कुठल्या बाजूला तोंड करून लावायचा, ओला कचरा कितीला खाली न्यायचा, ह्यावर हवं तेवढं बोला. माशावर बोलणी नाहीत.

इंद्रायणी

माशावर बोलणी नाहीत ह्याला +१. मी शाकाहारी आहे आणि वासाचा त्रास मला खरंच होतो. त्रास होतो एवढं म्हणायला जागा असावी, त्यापुढे हक्क नाही. आमच्या शेजारच्या काकूंशी मी थेट बोलले, त्यांनी चिमणी बसवली. बैठक लागलीच नाही.

समुपदेशक_सोलापूर

कुठली भांडणं घेऊ नयेत ह्या प्रश्नावर मला ठामपणे लिहायचं आहे. कौटुंबिक समुपदेशनात काम करते.

घरातली मारहाण घेऊ नका. कधीही नाही. शेजारी म्हणतात, 'रोज आवाज येतो, त्रास होतो, दोघांना बसवून समजवा.' तुमच्या लेखी तो आवाजाचा त्रास असतो, तिच्या लेखी जिवाचा. मध्यस्थीत दोन्ही बाजू मोकळेपणी बोलू शकतात हे गृहीत असतं. जी बाई बैठकीनंतर त्याच माणसाबरोबर त्याच घरात परत जाणार आहे ती खरं बोलूच शकत नाही. तिनं 'सगळं ठीक आहे' म्हणून सही केली आणि तुम्ही 'प्रकरण मिटलं' असं वहीत लिहिलंत, तर ती वही पुढे तिच्याच विरोधात वापरली जाते.

त्यासाठी वेगळी माणसं आणि वेगळा कायदा आहे. मुंबईत पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पुढे तो राज्यभर पसरला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहेत, १८१ ची हेल्पलाइन आहे. तुमच्या गटानं हे नंबर छापून प्रत्येक इमारतीच्या फलकावर लावले, तर एवढं काम पुरेसं आहे. त्या घराच्या आत समेट घडवायला जाऊ नका.

नीराकाठ

समुपदेशक ताई, हे लिहून ठेवलं. पण एक विचारते. सासू-सुनेचं स्वयंपाकघरावरून पटत नाही, दोघीही आपणहून आमच्याकडे आल्या, तर?

समुपदेशक_सोलापूर

आधी दोघींशी स्वतंत्र बोला, वेगवेगळ्या दिवशी, घराबाहेर. भीती दिसली, पैसे काढून घेणं दिसलं, माहेरी फोन करू न देणं दिसलं, की तिथेच थांबा आणि तिला पुढची वाट दाखवा. गॅसच्या शेगडीचा आणि डब्यांचाच प्रश्न असेल तर बसा खुशाल.

खानदेशी_भरीत

'वस्तीतलं वस्तीत मिटवू' हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. आमच्याकडे जातपंचायती हेच म्हणायच्या. पोलिसात जायचं नाही, कोर्टात जायचं नाही, पंच सांगतील तो दंड भरायचा, नाही भरला तर वाळीत. प्रेमविवाह केला म्हणून अख्ख्या कुटुंबाचं पाणी तोडायचं. ह्याच्याविरुद्ध माणसं वर्षानुवर्षं लढली, तेव्हा कुठे महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये संमत झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. त्यामुळे तुमच्या गटाच्या पहिल्याच ओळीत लिहा की इथे येणं ऐच्छिक आहे, मध्येच उठून जाता येईल आणि पोलिसात किंवा कोर्टात जायची वाट कायम मोकळी आहे.

तासगावकर

भरीत भाऊंशी पूर्ण सहमत. तंटामुक्त समितीलासुद्धा निकाल देण्याचा अधिकार नव्हता, तरी काही ठिकाणी माणसं न्यायाधीश झाल्यासारखी बसायची. खुर्ची उंच लावली की संपलं. आमच्या इथल्या चांगल्या बैठका सतरंजीवर झाल्या.

भिवंडीकर_जुना

इतका चांगला धागा बघून लिहितोय. मोठ्या प्रमाणावर काय होऊ शकतं ते आमच्या भिवंडीनं बघितलंय. १९८४ ची हिंदू-मुस्लिम दंगल मी लहानपणी पाहिली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं घेतली: यंत्रमाग कामगार, दुकानदार, रिक्षावाले. नियमित बैठक, समोर पोलीस. सुरुवातीला चर्चा गटारीची, नळाची, पोराच्या छेडछाडीची. त्यातून ओळखी झाल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली, ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे ह्यांनी ती वाढवली. पोलीस आणि वस्तीतल्या पोरांचे क्रिकेटचे सामनेसुद्धा होत.

मी ह्यातून एकच धरलंय. भांडण व्हायच्या आधी भेटत राहायला हवं. भांडण पेटल्यावर ओळख करून घेता येत नाही. नीराकाठ ताई, तुमचा गट फक्त तक्रारीच्या दिवशी उघडणार असेल तर लोक लाजून येणार नाहीत. महिन्यातून एकदा सहज बसा, नळाबद्दल बोला.

माजी_सेक्रेटरी

भिवंडीकर, फार मोलाचं लिहिलंत. आमच्याकडे गणपतीच्या मीटिंगला जे कधी येत नव्हते, त्यांच्याच घरांत सगळ्यात कडवट भांडणं होती. उलटही खरं असेल म्हणा, भांडण होतं म्हणून येत नसतील.

श्वानमित्र

कुत्र्यांचं कुणी लिहीना, मीच लिहितो. मी खाऊ घालतो, त्यामुळे मी एका बाजूचा आहे हे आधीच सांगतो.

प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ मध्ये ह्या वादासाठीच सोय आहे. खाऊ घालायची जागा सोसायटीनं नेमून द्यायची: जिन्याजवळ नको, इमारतीच्या दाराजवळ नको, मुलं खेळतात तिथे नको, आणि मुलं-वृद्ध बाहेर असतील ती वेळ टाळायची. एकमत झालं नाही तर एक समिती बसते. त्यात पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, प्राणी संस्थेची माणसं, तक्रारदार आणि रहिवासी संघाचा प्रतिनिधी असतात. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे आदेशही आलेत, ते ताजे वाचूनच बैठकीला बसा, नाहीतर दोन्ही बाजू व्हॉट्सअ‍ॅपवरचा कायदा सांगत बसतात.

इंद्रायणी

श्वानमित्र, नियम ठीक. पण माझ्या आईला कुत्रा चावलाय, ती आता खाली उतरत नाही. तिला नियम वाचून दाखवू का?

श्वानमित्र

नाही. वाईट वाटलं वाचून. आईंना कसं वाटतं ते खाऊ घालणाऱ्यांनी त्यांच्या तोंडून ऐकायला हवं. आणि त्याच बैठकीत नसबंदी आणि रेबीजची लस कुठल्या कुत्र्यांची झालीय ती यादी खाऊ घालणाऱ्यांनी समोर ठेवायला हवी. आमच्या गल्लीत यादी आल्यावर सूर बदलला होता.

तासगावकर

शेतजमिनीवाल्यांसाठी एक. २०२३ च्या जानेवारीत सरकारनं सलोखा योजना आणली. एकाच्या नावावरची जमीन दुसरा कसतो आणि दुसऱ्याच्या नावावरची पहिला, ताबा बारा वर्षांहून जास्त, अशी प्रकरणं गावोगाव आहेत. दोघं राजी असतील तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार. तलाठी-मंडळ अधिकाऱ्यांचा पंचनामा लागतो. मुदत चालू आहे का ते तलाठ्याकडं विचारा. पिढ्यान् पिढ्यांची भाऊबंदकी दोन हजारात मिटत असेल तर आणखी काय पाहिजे.

नीराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून काही गोष्टी पक्क्या करतोय. मध्यस्थ त्या इमारतीतला नसेल, प्रत्येक बैठकीला दोन मध्यस्थ असतील आणि त्यातली एक तरी बाई असेल. सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहणारा गटाबाहेर. मारहाण, जात-धर्म, खाणंपिणं हे विषय घ्यायचे नाहीत. आलेल्याला उठून जाता येईल हे सुरुवातीलाच वाचून दाखवू. बैठक शाळेच्या वर्गात, कुणाच्या घरी नाही. आणि महिन्याची सहज बैठकही ठेवतोय.

कोर्टपायरी, करार कशावर लिहायचा? स्टँप पेपर लागतो का?

कोर्टपायरी

साध्या वागणुकीच्या ठरावाला साधा कागद पुरे: दोघांच्या सह्या, तारीख, दोन साक्षीदार, दोन प्रती. पैसे द्यायचे-घ्यायचे असतील तर वकिलाला दाखवून मगच लिहा. भाषा मराठी ठेवा आणि 'परस्पर सहकार्य करतील' असली वाक्यं घालू नका. 'ड्रिलचं काम सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते एक आणि चार ते सहा, आदल्या दिवशी खालच्या घराला सांगून' असं लिहा. मोडला की नाही हे दोघांनाही कळलं पाहिजे. तीन महिन्यांनी पुन्हा बसायची तारीखही त्यातच घाला.

माजी_सेक्रेटरी

आणि आजारपण, परीक्षा, लग्नकार्य असेल तर काय, तेही. आमचा ड्रिलचा ठराव बारावीच्या परीक्षेत अडकला होता.

नवखा_डोंबिवली

पहिल्यांदाच लिहितोय. आमच्या तळमजल्यावर पिठाची गिरणी आहे, भिंत थरथरते, बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. गिरणीवाले काका चांगले आहेत, त्यांचं पोट त्यावर आहे, म्हणून पालिकेत तक्रार करायचं मन होत नाही. हे मध्यस्थीत बसेल का?

नीराकाठ

बसेल. काकांशी तुम्ही स्वतः बोललात का अजून?

नवखा_डोंबिवली

नाही. बाबा बोलू देत नाहीत.

माजी_सेक्रेटरी

यंत्राखाली रबराचे जाड पॅड बसवले तर थरथर बरीच कमी होते, एखाद्या फिटरला दाखवा. खर्च निम्मा उचलतो असं तुम्हीच म्हणून बघा. बाबांना आधी हे सांगा की तक्रार करायची नाहीये.